बंदूक परकी, कारभार घरचा

साम्यवादी बंडखोरांशी लढणाऱ्या परक्या फौजांच्या इतिहासात १९७५ हे साल दोन टोकांचे ठरले. ३० एप्रिलला उत्तर व्हिएतनामचे रणगाडे सायगावच्या राष्ट्राध्यक्षांच्या प्रासादात घुसले आणि अमेरिकेने वर्षानुवर्षे ओतलेला पैसा, दारूगोळा आणि माणसे पाण्यात गेली. त्याच वर्षी ११ डिसेंबरला ओमानचे सुलतान काबूस बिन सईद यांनी आपल्या धोफार प्रांतातले युद्ध जिंकल्याचे जाहीर केले. तेही साम्यवादी गनिमांविरुद्धचेच युद्ध होते आणि त्यातही ब्रिटिश, इराणी आणि जॉर्डनी अशा परक्या फौजा होत्या. पण व्हिएतनाममध्ये ऐन भरात पाच लाखांहून अधिक अमेरिकी सैनिक होते. धोफारमधले ब्रिटिश शेकड्यांत मोजता येण्याइतकेच होते. व्हिएतनामवर ग्रंथालये भरतील एवढी पुस्तके निघाली. धोफारमध्ये आपली माणसे लढत आहेत आणि मरत आहेत, याचा लंडनच्या सामान्य माणसाला बराच काळ पत्ताही नव्हता.

या विजयाचे नेहमीचे स्पष्टीकरण असे, की मोजकी पण कसलेली माणसे पाठवावीत, स्थानिकांची भाषा शिकावी, औषधपाणी करावे, म्हणजे गनिमी युद्ध जिंकता येते. लष्करी विद्यालयांत आजही धोफारचा अभ्यास याच अंगाने होतो. या स्पष्टीकरणात एक मोठी फट आहे. ब्रिटिश धोफारमध्ये १९७० साली अवतरले नव्हते. बंड १९६५ साली सुरू झाले तेव्हापासून सुलतानाच्या फौजेची सूत्रे ब्रिटिश अधिकाऱ्यांच्याच हाती होती, आणि पहिली पाच वर्षे ते हरत होते. डोंगर तेच, गनीम तेच, परके अधिकारीही त्याच सैन्यातले. तरी १९७० च्या आधी हार आणि नंतर जीत. मधल्या काळात बदलली ती मुख्यतः एकच गोष्ट, ती म्हणजे ज्याच्या नावाने हे युद्ध चालले होते ते सरकार. परकी फौज राज्यकर्त्याला उसंत मिळवून देऊ शकते, लायकी मिळवून देऊ शकत नाही, हे या युद्धाइतके स्वच्छ क्वचितच कुठे दिसते.

धोफार हा ओमानचा दक्षिणेकडचा, येमेनला लागून असलेला प्रांत. समुद्रकाठी सलालाह शहर आणि त्याभोवतीचे चिंचोळे मैदान, त्यामागे डोंगररांग आणि पलीकडे वाळवंट. आपल्याकडे जो नैर्ऋत्य मोसमी वारा पाऊस आणतो, त्याचीच एक कड जून ते सप्टेंबर या डोंगरांना लागते. तिथे या ऋतूला खरीफ म्हणतात. त्या दिवसांत उघडेबोडके डोंगर हिरवेगार होतात आणि दाट धुक्यात चार हातांवरचा माणूस दिसत नाही. विमानांना लक्ष्य सापडत नाही, हेलिकॉप्टर उतरत नाहीत. गनिमांसाठी यापेक्षा सोयीची जागा शोधून सापडली नसती. डोंगरावरचे लोक गाईगुरे पाळणारे, टोळ्या-टोळ्यांनी राहणारे. त्यांची घरची बोली अरबीपेक्षा वेगळी. मस्कतच्या सुलतानाशी त्यांचे नाते जिव्हाळ्याचे कधीच नव्हते. धोफार ही सुलतानाची खासगी जहागीर असल्यासारखाच कारभार चाले.

हे सुलतान म्हणजे सईद बिन तैमूर. त्यांचे शिक्षण अजमेरच्या मेयो कॉलेजात झाले होते. त्यांच्या वडिलांनी १९३२ साली गादी सोडली आणि आयुष्याची अखेरची वर्षे मुंबईत काढली. ओमानमध्ये १९७० पर्यंत भारताच्या रिझर्व्ह बँकेने आखातासाठी काढलेला रुपया चालत होता, इतका हा देश आपल्या किनाऱ्याशी बांधलेला होता. सईद यांना गादीबरोबर कर्जाचा डोंगर मिळाला आणि तो फेडताना त्यांनी काटकसरीचे व्रतच घेतले. व्रत म्हणून ते समजण्यासारखे होते. पण १९६७ साली तेलाची निर्यात सुरू झाली, पैसा येऊ लागला, तरी मूठ उघडली नाही. साऱ्या देशात मिळून तीन शाळा होत्या आणि डांबरी रस्ता जेमतेम दहा किलोमीटर. सूर्यास्तानंतर काही वेळाने मस्कतचे दरवाजे बंद होत आणि रात्री बाहेर पडणाऱ्याला हातात कंदील धरावा लागे. परदेशी जायला परवानगी, परत यायला परवानगी. गुलामगिरी कायद्याने चालू होती. सुलतान स्वतः १९५८ पासून सलालाहच्या राजवाड्यात राहत आणि राजधानी मस्कतकडे फिरकतही नसत.

शिक्षण आणि रोजगार यांसाठी धोफारची तरुण मुले कुवेत, बहारीन, सौदी अरेबियात जात. तिथे त्यांनी तेलाच्या पैशावर उभे राहिलेले दवाखाने पाहिले आणि नासरच्या इजिप्तमधून घुमणारा अरब राष्ट्रवाद ऐकला. मुसल्लम बिन नुफल या टोळीप्रमुखाच्या पुढाकाराने जे बंड १९६५ साली पेटले, त्यात मार्क्स नव्हता. रस्ता, शाळा, पाणी आणि मान हवा असलेल्या माणसांचे ते बंड होते. १९६७ च्या नोव्हेंबरात ब्रिटिशांनी एडन सोडले, शेजारच्या दक्षिण येमेनमध्ये डाव्यांची सत्ता आली आणि चित्र पालटले. सरहद्दीपलीकडे हौफ येथे सुरक्षित तळ मिळाला, चीनकडून शस्त्रे आणि प्रशिक्षण येऊ लागले. १९६८ च्या सप्टेंबरात हमरीन येथे भरलेल्या बंडखोर आघाडीच्या अधिवेशनात मार्क्सवादी तरुणांनी नेतृत्व हाती घेतले आणि धोफारच्या मुक्तीचे ध्येय वाढून साऱ्या अरबी आखाताच्या मुक्तीपर्यंत गेले. या आघाडीने डोंगरात शाळा काढल्या, गुलामांना मुक्त केले, मुलींना शिकवले आणि स्त्रियांच्या हाती बंदूकही दिली. सुलतानाने अडतीस वर्षांत जे केले नाही, ते बंडखोर दोन वर्षांत करत होते.

सुलतानाच्या बाजूने लढणारी फौज ही एक अजब रचना होती. १९५८ च्या करारानुसार ब्रिटनने ती उभारून दिली होती. अधिकारी ब्रिटिश, काही ब्रिटनच्या सैन्यातून उसने पाठवलेले, तर काही पगारी करारावर आलेले. शिपायांत बलुचींचा भरणा मोठा. कारण बलुचिस्तानातले ग्वादर १९५८ साली पाकिस्तानला विकेपर्यंत ओमानचेच होते. डोंगरातल्या लोकांसाठी ही सारी फौजच परकी. तिची पद्धतही जुन्या वसाहती वळणाची होती: गोळी आली की आसपासच्या वस्तीला शिक्षा, विहिरी बुजवणे, सलालाहभोवती काटेरी तारेचे कुंपण. खरीफ आला की फौज डोंगर सोडून खाली येई आणि मिळवलेली जागा पुन्हा गनिमांची होई. १९६९ च्या ऑगस्टमध्ये रखयूत हे किनाऱ्यावरचे गाव पडले. १९७० च्या मध्यापर्यंत सुलतानाच्या हाती सलालाहचे मैदान आणि ताका, मिरबातसारखी किनाऱ्यावरची काही ठाणी उरली होती. ब्रिटिश अधिकाऱ्यांचे शौर्य आणि कौशल्य याही काळात कमी नव्हते. पण त्यांनी रोज एक टेकडी जिंकली असती, तरी त्या टेकडीवरच्या माणसाला देण्यासारखे त्यांच्या धन्याकडे काहीच नव्हते.

२३ जुलै १९७० रोजी सलालाहच्या राजवाड्यात सत्तापालट झाला. सईद यांचे एकुलते एक पुत्र काबूस गादीवर आले. त्यांनी ब्रिटनच्या सँडहर्स्ट अकादमीत लष्करी शिक्षण घेतले होते आणि परतल्यावर वडिलांनी त्यांना जवळपास नजरकैदेतच ठेवले होते. झटापटीत जुन्या सुलतानांच्या हातून स्वतःच्याच पायात गोळी गेली. ब्रिटिश विमानाने त्यांना देशाबाहेर नेले आणि १९७२ साली लंडनमध्ये त्यांचा अंत झाला. काबूस यांनी पहिल्या काही महिन्यांतच गुलामगिरी बंद केली, जाचक बंधने उठवली, परदेशी पांगलेल्या ओमानींना परत बोलावले आणि बंडखोरांना सरसकट माफी देऊ केली. त्यांची आई धोफारच्याच डोंगरी टोळीतली होती. डोंगरातल्या लोकांना हा सुलतान अर्धा आपला वाटू शकत होता. तेलाचा पैसा विकासाकडे वळला.

याच सुमारास ब्रिटनच्या स्पेशल एअर सर्व्हिसची, म्हणजे एसएएसची, तुकडी ‘प्रशिक्षण पथक’ या साळसूद नावाने आली. तिच्या आराखड्यात पाच कामे होती: माहिती मिळवणे, सरकारची बाजू लोकांपर्यंत नेणे, माणसांवर औषधोपचार, गुरांवर औषधोपचार आणि धोफारींचीच लढाऊ पथके उभारणे. गुरांचा डॉक्टर युद्धाच्या आराखड्यात असणे विनोदी वाटेल, पण ज्याची सारी पुंजी गोठ्यात आहे त्याच्या दृष्टीने तोच सरकारचा पहिला उपयोगी माणूस होता. धोफारींच्या पथकांना फिरकत म्हणत. त्यांत प्रामुख्याने कालपर्यंत बंडखोर असलेली माणसे होती. सालिम मुबारक या बाहेर पडलेल्या सेनानीने १९७१ च्या आरंभी पहिले पथक उभे केले, आणि युद्ध संपेपर्यंत फिरकतींची संख्या दीड हजारांवर गेली. पथकाने आपल्या टोळीचा मुलूख मिळवला, की तिथे यंत्राने खोल विहीर खोदायची, मग दवाखाना, दुकान, शाळा आणि मशीद उभी करायची, असा क्रम ठरून गेला. पाण्याभोवती गुरे जमत, गुरांमागे माणसे येत आणि माणसांबरोबर गनिमांच्या हालचालींच्या बातम्या येत.

फिरकत हे आज्ञाधारक सैन्य मुळीच नव्हते. ते आपल्या टोळीच्या हद्दीबाहेर लढायला नाखूश असत, हुकमावर वाद घालत, मनाला येईल तेव्हा घरी जात. १९७१ च्या ऑक्टोबरात ‘जॅग्वार’ मोहिमेत फौज डोंगरावर चढली आणि प्रथमच तिथे टिकून राहिली, तेव्हा फिरकतीच्या माणसांनी अट घातली, की आमची गुरे बाजारात पोहोचवा, नाहीतर लढत नाही. मग विमानांच्या पहाऱ्याखाली काही शे जनावरांचा कळप डोंगर उतरवून सलालाहच्या बाजारात आणला गेला. लष्करी शिस्तीत वाढलेल्या अधिकाऱ्यांना हे सारे वैतागवाणे वाटले असणारच. पण युद्ध फिरल्याची खूण तीच होती. हुकूम ऐकणाऱ्या बलुची शिपायाला जे पाच वर्षांत जमले नाही, ते हुकूम न ऐकणाऱ्या डोंगरी माणसाने साधले, कारण त्याला गुरे विकायची होती आणि परत त्याच डोंगरावर राहायचे होते. १९ जुलै १९७२ रोजी मिरबातवर अडीचशेच्या आसपास गनिमांनी केलेला मोठा हल्ला एसएएसच्या नऊ जणांनी आणि मूठभर ओमानींनी परतवला. त्यात तोफेशी झुंजत मरण पावलेला फिजीचा सैनिक तलायासी लबालबा ब्रिटनमध्ये दंतकथा झाला. त्या दिवसाची वीरगाथा सांगताना एक गोष्ट मागे पडते: आघाडीला असा उघड्यावरचा जुगार खेळावा लागला, कारण तिच्या पायाखालचा डोंगर तोवर सरकू लागला होता.

यावर पहिला आक्षेप असा, की आघाडी काबूस यांच्या सुधारणांमुळे हरली नाही, तिने आपल्याच हाताने आपला घात केला. हे निम्मे खरे आहे. नव्या नेतृत्वाने टोळीव्यवस्था मोडायला घेतली, श्रद्धाळू लोकांच्या धर्माची टवाळी केली, विरोध करणाऱ्या वडीलधाऱ्यांना मृत्युदंड दिला. १९७० च्या सप्टेंबरात पूर्व भागातल्या जुन्या बंडखोरांनी या कडव्या नेतृत्वाविरुद्धच उठाव केला आणि तो निर्दयपणे चिरडला गेला. पण तारखा नीट पाहिल्या तर लक्षात येते, की आघाडीची ही कडवी वाट १९६८ पासूनच सुरू झाली होती. नाराज माणसे तेव्हाही होती. बाहेर पडायला दार नव्हते. सईद यांच्या राज्यात शरण जाणे म्हणजे तुरुंग, नाहीतर त्याहून वाईट काही. माफीची घोषणा झाल्यावरच ते दार उघडले, आणि बंडाचा पहिला नेता मुसल्लम बिन नुफल हाच त्यातून सरकारकडे आला. शत्रूच्या चुका तेव्हाच उपयोगी पडतात, जेव्हा त्या चुकांना कंटाळलेल्या माणसाला जायला दुसरी जागा असते.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. विहिरी आणि दवाखान्यांची ही गोष्ट विजेत्यांनी स्वतःची पाठ थोपटण्यासाठी रंगवली, असे अनेक अभ्यासक म्हणतात. इतिहासकार अब्देल रझाक तक्रिती यांच्या २०१३ सालच्या ‘मॉन्सून रेव्होल्यूशन’ या ग्रंथाने बंडखोरांची बाजू त्यांच्या कागदपत्रांवरून मांडली आणि ब्रिटिश साम्राज्याचे हितसंबंध उघडे केले. विमानांनी डोंगरवस्त्यांवर बाँब टाकले, अन्न गनिमांपर्यंत पोहोचू नये म्हणून कडक नाकेबंदी केली, हे खरेच आहे. सरहद्दीकडून येणारे उंटांचे तांडे अडवण्यासाठी तारा आणि सुरुंग यांच्या रांगाच्या रांगा उभारल्या गेल्या. ‘हॉर्नबीम’ नावाची त्यातली एक रांग पन्नास किलोमीटरहून लांब होती. १९७३ च्या अखेरीस इराणच्या शहांनी हजाराहून अधिक सैनिकांचा लढाऊ गट पाठवला, पुढे ती संख्या काही हजारांवर गेली. इराण्यांनी सलालाहहून वाळवंटाकडे जाणारा रस्ता मोकळा केला आणि १९७५ च्या जानेवारीत रखयूत परत घेतले. जॉर्डननेही सैनिक पाठवले आणि त्याच्याकडूनच लढाऊ विमानेही आली. एवढी ताकद लागली असताना विजयाचे श्रेय सरकारच्या सुधारणांना कसे द्यायचे?

याचे उत्तर घटनांच्या क्रमात आहे. इराणी फौज येण्याआधीच फौज डोंगरावर टिकू लागली होती, फिरकती उभ्या राहिल्या होत्या आणि मिरबातचा हल्ला फसला होता. इराण्यांनी युद्ध लवकर संपवले; ते जिंकण्याजोगे आधीच झाले होते. हीच इराणी पलटण १९६८ साली सईद यांच्या नावाने आली असती, तर तिने किनाऱ्यावरची गावे परत घेतली असती. पण त्या गावांवर पहारा द्यायला तयार होणारा धोफारी तिला कुठून मिळाला असता? इराणी सैनिकांना तिथली भाषा येत नव्हती, अनुभव नव्हता आणि त्यांची हानी मोठी झाली. सुरुंगांच्या रांगेचेही तसेच. नाकेबंदीने उपासमार होते, निष्ठा बदलत नाही. उपाशी बंडखोर पुढच्या हंगामाची वाट पाहू शकतो. इथे तो डोंगर उतरून सरकारच्या बाजूने उभा राहिला. बळाचा वापर क्रूर होता आणि निर्णायकही होता, हे दोन्ही मान्य करूनही इतके उरतेच, की निव्वळ बळ १९७० च्या आधीची पाच वर्षे निष्फळ ठरले होते.

तिसरा आक्षेप सर्वांत अडचणीचा. सरकार बदलले म्हणून युद्ध फिरले असे म्हणायचे, पण सरकार बदलले तेही ब्रिटिशांच्या संमतीने आणि मदतीनेच ना? मग परक्यांचे श्रेय कमी कसे? सत्तापालटात ब्रिटिशांचा हात होता यात शंका नाही. मात्र एवढ्यावरून परक्याने राजा बदलला की काम भागते, असा निष्कर्ष काढणाऱ्याने सायगावकडे पाहावे. १९६३ च्या नोव्हेंबरात अमेरिकेच्या मूक संमतीने दक्षिण व्हिएतनामचे अध्यक्ष न्गो दिन्ह दिएम यांना त्यांच्याच सेनापतींनी पदच्युत करून ठार केले. त्यानंतर सेनापतींच्या खुर्चीच्या खेळाखेरीज काही हाती लागले नाही, आणि कसणाऱ्याला जमीन देणारा व्यापक कायदा यायला १९७० साल उजाडले. काबूस यांच्याकडे तीन गोष्टी होत्या, ज्या कोणतीही परकी राजधानी पुरवू शकत नाही: गादीवरचा वंशपरंपरागत हक्क, धोफारशी रक्ताचे नाते आणि स्वतःच्या जमिनीतून निघणारे तेल. ब्रिटिशांनी दार ढकलले. आत शिरलेला माणूस घरचा होता. मलायातही हेच निराळ्या रूपात दिसते. तिथे ब्रिटिश हेच राज्यकर्ते होते, आणि १९५७ साली त्यांनी स्वातंत्र्य देऊन साम्यवादी गनिमांच्या हातातला मुख्य मुद्दाच काढून घेतला.

म्हणून धोफारची नक्कल करता येते असे समजणे धोक्याचे आहे. धोफारची लोकसंख्या फार थोडी होती, गनिमांच्या रसदीची सरहद्द एकच आणि ती अडवता येण्याजोगी, शत्रूचे पूर्णवेळ लढवय्ये दोन हजारांच्या आसपास, आणि १९७३ नंतर तेलाच्या किमती चढल्याने तिजोरी भरलेली. शिवाय या विजयाची एक किंमत आजवर हिशेबात धरली गेलेली नाही. ब्रिटनने हे युद्ध आपल्या जनतेपासून झाकून लढले, आणि ज्या कामाची संसदेत उघड चर्चा होत नाही त्यातल्या चुकाही उघड होत नाहीत. ओमानला शाळा, रस्ते, दवाखाने मिळाले. राजकीय पक्ष मात्र मिळाले नाहीत. काबूस जानेवारी २०२० मध्ये निधन होईपर्यंत जवळपास पन्नास वर्षे निरंकुश राज्य करत होते, आणि २०११ साली अरब जगात असंतोष उसळला तेव्हा सोहार शहराबरोबर सलालाहमध्येही लोक रस्त्यावर आले. बंडखोरांच्या ज्या मागण्या पैशाने भागण्यासारख्या होत्या त्या भागल्या. सत्तेत वाटा मागणारी मागणी तशीच राहिली.

एखादे सरकार गनिमांविरुद्ध बाहेरून सैन्य मागते, तेव्हा चर्चा बहुधा आकड्यांची होते: किती पलटणी, किती विमाने, किती वर्षे. धोफारचा पुरावा सांगतो, की त्याआधी मागणाऱ्याकडेच चौकशी करायला हवी. बंडखोराला परत यावेसे वाटेल असे काही त्या सरकारकडे आहे का, आणि परत आलेल्याला ते जगू देईल का? याचे उत्तर नकारार्थी असेल, तर पाठवलेली प्रत्येक पलटण त्या सरकारला न बदलण्याची सवलत देते आणि युद्ध लांबवते. १९६५ ते १९७० या पाच वर्षांत ब्रिटिश अधिकारी सईद बिन तैमूर यांना नेमकी तीच सवलत देत होते. उत्तर होकारार्थी असेल, तर थोडी मदतही पुरते, आणि ती वेळेवर परत बोलावताही येते.